राख गेली, हाडे राहिली

माझ्या मायची राख चोरीला गेली, अशी फिर्याद घेऊन एक माणूस ठाण्यात आला, ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेते काढली. त्यातले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजले की आपोआप डोक्यात येते. यात ना खून होता ना दरोडा. तरी एका म्हाताऱ्या बाईचा जीव जाता जाता राहिला, आणि तो गेला असता तर थोडे पाप माझ्याही माथी आले असते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरजवळ कन्हान नदीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. फिर्यादी तिशीतला विणकर, डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळे तांबारलेले. त्याचे बोलणे ऐकून माझे हवालदार मिशीत हसले. खरे सांगायचे तर मलाही हसू आले.

"वाऱ्याने उडाली असेल रे बाबा," मी म्हणालो.

"वाऱ्यानं उडते तर वारा हाडं येचून पानावर ठेवते काय, सायेब?"

हसू तिथेच थांबले. मी टोपी घातली आणि पंच घेऊन घाटावर गेलो.

घाट म्हणजे नदीकाठची उघडी जागा, छप्पर नाही, भिंत नाही. त्याच्या आईला सोमवारी सकाळी तिथे अग्नी दिला होता. बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, घरची मंडळी राख सावडायला आली, तर राख नाही. चिमूटभरसुद्धा नाही. जिथे चिता रचली होती तिथली जमीन झाडून काढली होती, खराट्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. बाजूला पळसाची पाने अंथरलेली आणि त्यांवर हाडे. ढीग नव्हता. लांब हाडे एका पानावर, बारीक दुसऱ्यावर, दात तिसऱ्यावर. डोक्याच्या बाजूला ठेवलेली पणती जागची हललेली नव्हती. त्या पणतीपाशी मी थांबलो. चोर घाईत असतो, उलथापालथ करतो, काहीतरी सांडतो. हे ज्याने केले होते त्याला अजिबात घाई नव्हती.

पंचनामा करताना घाटाशेजारच्या वस्तीतली माणसे जमली. हळूहळू कळले की आदल्या दोन आठवड्यांत आणखी दोन घरांना असेच आढळले होते. त्यांनी अळीमिळी गुपचिळी धरली होती. मेलेल्याच्या राखेवर कोणी करणी केली असे बाहेर कळले तर घरातल्या पोरींची लग्ने जमायची नाहीत, म्हणून.

फिर्यादीच्या गावाला मात्र चोर आधीच सापडला होता. त्याची काकी. मेलेलीची धाकटी जाऊ, विधवा, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरणारी. दोघी जावांचे एका मागाच्या वाटणीवरून फाटले होते आणि वीस वर्षे बोलणे बंद होते. वर्षभरापूर्वी भर चौकात भांडण झाले तेव्हा ही म्हणाली होती, "तुझी राखबी नाई सापडनार कोनाले!" साऱ्या गावाने ते ऐकले होते. आता राख खरोखरच सापडत नव्हती. आणखी कोणाला काय पुरावा हवा?

मी पोहोचलो तेव्हा तिच्या दाराशी पन्नासेक माणसे होती. कोणी "चेटकीन" म्हणत होते, कोणी चिंचेच्या फोका तोडून आणल्या होत्या. पुतण्या पुढेच उभा होता. मी तिला जीपमध्ये बसवले तेव्हा एक दगड येऊन माझ्या हवालदारांच्या खांद्याला लागला. ती मात्र ताठ बसली होती.

"काहून नेऊन राहिले मले? मी काय तिची राख खाल्ली?"

"तुमच्या जिवासाठी नेतोय, बाई."

"बाप्पा! माह्या जिवाची किंमत एवढी कधीपासून झाली?"

ठाण्याच्या व्हरांड्यात तिला बसवले, पोलीस लाइनीतल्या एका शिपायाची बायको सोबतीला दिली. मग मी तिची चौकशी सुरू केली. सोमवारी कुठे होतीस, मंगळवारी कुठे होतीस, कोणत्या भगताकडे जातेस? तिने प्रत्येक प्रश्नाला तोडीस तोड उत्तर दिले. "राख काय मले सोन्यासारखी डबीत ठेवाची हाय? भांडे घासाले मले पाव टोपली लागते, ते माह्या चुलीत निघते. ज्याले टोपल्यानं राख लागते त्याले जाऊन विचारा ना!"

याच वाक्यात प्रकरणाचा निकाल होता. मी ते कानाआड केले. मला वाटले, बाई फटकळ आहे, उगाच बोलते.

संध्याकाळी चहा दिला तेव्हा तिने कप हातात धरला, प्याली नाही. आवाज एकदम खाली आला. "सायेब, एक विचारू? माह्या तोंडातून निघालं होतं तसं. ते खरं झालं काय? तिचा आत्मा आता भटकून राहिला असन काय?" "असे काही नसते," असे म्हणालो. पण पानांवर मांडलेले दात मी स्वतः पाहिले होते, त्यामुळे माझ्या आवाजात जोर नव्हता आणि तिला ते कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या चार माणसे घेऊन ठाण्यात हजर. "काकीनं कबूल केलं काय?" मी नाही म्हणालो. "मंग सोडा तिले, आमी पाहून घेतो." त्या पाहून घेण्याचा अर्थ मला ठाऊक होता. तिला अटक करायला पुरावा नव्हता आणि सोडायची तर मरायला सोडण्यासारखे होते. व्हरांड्यात तरी किती दिवस बसवणार?

त्याच सकाळी खबर आली. खबऱ्या म्हणजे नदीपात्राच्या कोरड्या भागात टरबुजांची वाडी लावणारा एक म्हातारा. टरबूज विकायला आला होता आणि ठाण्यातली गर्दी पाहून थांबला. हवालदारांच्या कानाशी लागून म्हणाला, घाटावर भर दुपारी एक जण येतो. अंगाने सारा भुरा, डोक्याचे केससुद्धा भुरे. डोक्यावर टोपले असते. "अन् त्याले पाय नाई, सायेब. मी तीनदा पाहिलं. कमरेखाली कायबी दिसत नाई."

"मग आधी का सांगितले नाहीस?" मी ओरडलो.

"भुताची रिपोट कोनी देते काय, सायेब?"

साडेअकराला मी आणि हवालदार घाटाजवळच्या बाभळींच्या आड बसलो. नागपूरकडच्या मे महिन्यातली दुपार ज्याने भोगली आहे त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रे नाही, झाडावर पाखरू नाही. वाळू तापून तिच्यावरची हवा थरथरत होती. रात्रीच्या भुताची भीती वाटली तर माणूस कंदील लावतो. या लख्ख उजेडात काय लावणार? हवालदार हळूच मारुतीचे नाव घेत होते. मी त्यांना गप्प बसा म्हणालो नाही.

बाराच्या पुढे पात्रातून तो आला. म्हाताऱ्याने सांगितले तसाच. अंग भुरे, तोंड भुरे, आणि कमरेखाली खरोखरच काही दिसत नव्हते. तापल्या हवेत पाय विरघळून गेले होते. तो जवळ आला तसे पाय दिसू लागले, अनवाणी. घाटावर आदल्या दिवशी एक चिता जळून गेली होती. तिच्यापुढे त्याने एकात एक घातलेल्या दोन टोपल्या ठेवल्या, हात जोडले आणि कमरेची चाळणी काढून बसला. खसखस, खसखस. एवढाच आवाज. चाळणीत राहिलेले एकेक हाड दोन बोटांनी उचलून तो पानावर ठेवत होता.

दुसरी टोपली भरत आली तेव्हा मी मागून जाऊन मनगट धरले. ते गरम लागले, वरची राख माझ्या बोटांना लागली, तेव्हा मला हायसे वाटले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो पळाला नाही. वळून फक्त म्हणाला, "साहेब, किती वाजले?"

ठाण्यात आणून दोन्ही टोपल्या जप्त केल्या, फडके बांधून लाखेचे सील लावले. मग खोलीत समोर बसवले. पन्नाशीचा, काटक, मूळचा कोकण किनाऱ्याचा, नदीवरच्या एका बांधकामावर मिस्त्री. पाणी उपसण्यासाठी मोठी विहीर बांधायचे काम तिथे चालू होते. मी विचारले, "राख कोणत्या मांत्रिकाला देतोस?" उत्तर, "पाणी गढूळ झालंय, साहेब." मी विचारले, "एका टोपलीचे किती मिळतात?" उत्तर तेच. हवालदारांनी टेबलावर दंडुका आपटला. तेच उत्तर, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला वाटले, डोक्यावर परिणाम झालेला माणूस आहे. माझा संताप झाला होता आणि हात उचलायच्या बेतात मी होतो. तेवढ्यात तोच उठून उभा राहिला.

"मला मारा, नाहीतर कोंडा. पण आधी कोणाला तरी पाठवून खालची माणसं वर काढा. खड्ड्यात अकरा जण आहेत."

मग तो बोलला. नदीच्या पात्रात खड्डा खणायचा तर आधी भोवती लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकतात. प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही कडांना खाच. एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत अडकवत एकेक पत्रा जमिनीत खोल ठोकत न्यायचा. इंजिनीअर त्याला शीट पाइल म्हणत, मजूर पाट्या म्हणत. कितीही चांगली ठोकली तरी ती भिंत खाचांमधून झिरपतेच. मग बाहेरच्या अंगाने, जिथे पाणी ओढ घेते तिथे राख आणि लाकडाचा भुसा सोडतात. पाणीच ती राख खाचेत खेचून नेते आणि स्वतःची वाट बुजवते. रेल्वेच्या इंजिनाची राख जाड, ती मोठी फट धरते. शेवटची बारीक धार मात्र लाकडाच्या राखेनेच मरते. भुसा संपला होता, नवा आला नव्हता. चुलीची राख मागून किती मिळणार?

"पाणी स्वच्छ झिरपत असेल तर झिरपू दे, पंप आहेत. गढूळ आलं म्हणजे भिंतीमागची वाळू चालली. वाळू गेली की भिंत गेली. सकाळपासून गढूळ येतंय, साहेब."

"हे आल्याबरोबर सांगायला काय झाले होते?"

"राख कुठली ते मजुरांना कळलं असतं तर एक जण खाली उतरला नसता. पंप कोण चालवणार? मला वाटलं, तुम्ही दोन तडाखे देऊन सोडाल."

मी जीप काढायला सांगितली. पुतण्या दारातच होता. दोन्ही टोपल्या बाहेर जाताना पाहून तो उडी मारून मागे बसला. काकी व्हरांड्यातून उठली. "मीबी येतो," म्हणाली, आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत चढलीसुद्धा.

खड्ड्याच्या काठावरून मी खाली पाहिले. तीन माणसे एकावर एक उभी राहतील इतका खोल. चारी बाजूंना काळ्या लोखंडाची भिंत आणि तिच्या प्रत्येक सांध्यावरून खाली उतरलेले राखाडी ओघळ. मजूर त्याच भिंतीला पाठ टेकून बिडी ओढत, तिच्याच सावलीत भाकरी खात. नदीकडच्या एका सांध्यातून मनगटाएवढी धार येत होती, चहासारख्या रंगाची. भिंत बारीक गुणगुणत होती. बाहेरच्या अंगाला, नदीच्या पाण्यात, पत्र्याला लागून एक छोटा भोवरा फिरत होता.

हवालदारांनी आरडाओरडा करून माणसे शिडीने वर काढायला घेतली. शिडी एकच. खाली बायाही होत्या, एकीला चढता येईना. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता, मी टोपल्यांकडे. सीलबंद मुद्देमाल होता तो. न्यायालयाच्या हुकमावाचून सील तोडणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय ती कोणाची तरी राख होती. तिची माणसे उद्या सकाळी घाटावर येणार होती. मी सील तोडले. टोपली माझ्याच हातांनी मिस्त्रीपुढे धरली.

लांब बांबूला बांधलेल्या डब्यात राख भरून तो भोवऱ्यात सोडत गेला. एक डबा, दोन डबे, दहा डबे. भोवरा ती गिळत होता. आत धार गढूळची राखाडी झाली, मग बारीक झाली, मग स्वच्छ पाण्याचा दोरा उरला आणि मग तोही थांबला. गुणगुणणे बंद झाले. शेवटची बाई तेव्हा शिडीच्या मध्यावर होती.

मग पुतण्याने विचारले, "माह्या मायची राख... याच्यात?"

मिस्त्रीने त्याच्यापुढे हात जोडले. "आमच्या गावी दुसऱ्या दिवशी सकाळीच सावडतात. चार अस्थी उचलतात, बाकीचं तिथंच सोडतात. मी मंगळवारी दुपारी गेलो. मला वाटलं, तुम्ही येऊन गेलात. उरलेली हाडं पायदळी येऊ नयेत म्हणून पानावर काढली. सावडायच्या आधी मी हात लावला नसता हो, देवाशपथ."

करणी, चेटूक, वीस वर्षांचे वैर, शाप, सगळ्यांच्या बुडाशी एवढेच निघाले: त्याच्या गावी दुसरा दिवस आणि यांच्या गावी तिसरा. पुतण्याने खाली बसून काकीचे पाय धरले. ती पाय सोडवून घेत नव्हती, पण त्याला उठवतही नव्हती. खाली भिंतीकडे पाहत होती.

"म्हंजे हाय ती. गेली नाई कुठं," ती म्हणाली, आणि ठाण्यात टिपूस न काढलेली ती बाई तिथे घळाघळा रडली. मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "ऊठ गा. काल साऱ्या गावापुढं मले चेटकीन म्हने, आता इथं पाय धरते. चौकात धर."

त्याने ते चौकात केले, सगळ्यांसमक्ष. तरीही गावातल्या काही दारांत तिला पाहून पोरे आत घेत, ते थांबले नाही. एकदा चिकटलेले नाव सुटायला फार दिवस लागतात. मिस्त्रीवर कलम लावावे की नाही यावर वरिष्ठांशी माझी पत्रापत्री झाली. भावना दुखावण्याचा हेतू नाही म्हणून तो सुटला. सील तोडल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ज्यांची राख मी त्या दिवशी ओतली, त्या घरी मी स्वतः जाऊन सांगितले. तिथला म्हातारा एवढेच म्हणाला, "किती मानसं होते खाली?" बांधकामावरचे दोन मजूर सोडून गेले, बाकीच्यांनी नारळ फोडून काम पुढे चालवले.

ही भिंत कायमची नसते. विहीर बांधून वर आली की पत्रे उपटून दुसऱ्या कामावर नेतात. पाऊस लागायच्या आधी तो दिवस आला तेव्हा मिस्त्रीने निरोप धाडला. मी गेलो, पुतण्या आला, काकी आली. एकेक पत्रा कप्पीवर वर ओढला जात होता आणि खाचेत घट्ट बसलेली राख मिस्त्री खुरप्याने काढून पळसाच्या पानावर ठेवत होता. ती तीन-चार घरांची आणि इंजिनाची मिळून झालेली होती. पुतण्या पानाकडे पाहत उभा राहिला.

"याच्यातली मायची कोनती, काकी?"

"काळी कचकच हाय ते कोयशाची. बाकी सारी तुझी माय समज अन् घे."

त्याचे हात पुढे होईनात, तेव्हा तिनेच ते पान उचलले, गुडघाभर पाण्यात जाऊन राख सोडली, हात धुतले. बाहेर येताना लुगडे पिळत त्याला म्हणाली, "माह्या वेळेस तिसऱ्या दिवसाची वाट नको पाहू. दुसऱ्याच दिवशी ये."

पोलिसात पहिल्या दिवसापासून शिकवतात की गुन्हा घडला तर वैर कोणाचे होते ते शोधा. मीही तेच शोधत बसलो, आणि वैर तर काय, कोणत्याही गावात शोधले की सापडतेच. राखेची गरज कोणाला आहे, हे त्या बाईने मला पहिल्याच दिवशी विचारायला सांगितले होते. ती संशयित होती म्हणून मी ऐकले नाही. त्यानंतर चोरीच्या प्रत्येक तपासात मी आधी गरज विचारली, वैर नंतर. शापाबद्दल तिने विचारले तेव्हा मलाही तो खरा वाटला होता, हेही मी कोणाला कधी सांगितले नव्हते.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी ते हवालदार भेटले. तेही निवृत्त झाले होते. त्यांच्याकडून काकी गेल्याचे कळले. अग्नी पुतण्यानेच दिला. लोक घरी परतले, तो परतला नाही. ती दुपार, ती रात्र आणि दुसरी सकाळ, राख थंड होईपर्यंत तो घाटावर तिच्याजवळ बसून होता.